कंसातली आत्या

चहा आधी संपवा, मग सांगतो. कारण हा किस्सा ऐकल्यावर निम्मे लोक कप तसाच ठेवतात आणि उरलेले माझ्याकडे बघत तो पितात. दोन्ही मला आता सोसवत नाही.

माझ्या आयुष्यात गाढवपणा कमी झालेला नाही. लग्नात दुसऱ्याच नवरदेवाला आहेर देऊन जेवून आलोय. पण ते हसण्यावारी गेलं. यात मी सख्ख्या आत्याला जवळजवळ वर पोचवलं. तेही कॉम्प्युटरवर, हिरव्या अक्षरांत.

आता हसलात. हसून घ्या. आमच्या घरी अजून कोणी हसलेलं नाही.

मी पुण्यात बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली आणि परत रत्नागिरीत आलो. इथे घरात बसून दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम करतो. काम काय, तर सांगतो, घाबरू नका. सध्या असं चाललंय की एका दवाखान्यातली नोंद दुसऱ्या कुठल्याही दवाखान्याला वाचता आली पाहिजे. त्यासाठी एक मानक ठरवलेलं आहे. म्हणजे असं समजा, एक मोठं कपाट आहे आणि त्याला शेकडो खण आहेत. नावाचा खण वेगळा, पत्त्याचा वेगळा, औषधाचा वेगळा, अ‍ॅलर्जीचा वेगळा. कुठल्या खणात काय आणि कसं ठेवायचं याचे नियम इतके, की वाचता वाचता माणूस स्वतःच पेशंट होतो.

डॉक्टरांना हे वाचायला वेळ कुठला? तिथे मी येतो. मी एक साधन तयार केलं. जुन्या नोंदी त्यात टाकायच्या, ते त्या नोंदी नीट सोडवून ज्या त्या खणात ठेवतं, आणि डॉक्टरांना समोर सोपं, स्वच्छ, मराठी पान दिसतं. नाव ठेवलं 'सुटसुटीत'. बायको म्हणाली, नाव तरी चांगलं आहे. तिच्या बोलण्यातला 'तरी' मला तेव्हा ऐकू आला नाही.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते आमच्याच गावातलं. वीस खाटांचं जुनं खाजगी हॉस्पिटल. मोठे डॉक्टर सज्जन माणूस, मंगळवारी चिपळूणला व्हिजिटला जातात, बाकी सहा दिवस इथे. आणि तिथल्या सगळ्या नोंदी गेली वीस-पंचवीस वर्षं एकाच बाईंच्या हातात, त्या म्हणजे सुमनसिस्टर. नर्स त्याच, केसपेपर काढणार त्याच, आणि कॉम्प्युटर आला तेव्हा दोन बोटांनी टाइप करायला शिकल्या त्याही त्याच.

त्यांचा जुना प्रोग्रॅम मी उघडला आणि कपाळावर हात मारला. सिस्टरांनी सगळं नावात लिहून ठेवलं होतं. खोटं वाटेल, पण अक्षरशः असं:

तुकाराम पाडावे (सड्यावरचे). तुकाराम पाडावे (खालच्या वाडीतले). विठाबाई घाणेकर (दोनदा हाक मारावी, दुसरी उजव्या कानाशी). सीताराम मयेकर (गोड खातात, खोटं बोलतात). लक्ष्मी शिवलकर (रिपोर्ट मुलाला सांगू नये).

मी पहिली चाळीसएक नावं वाचली आणि इतका हसलो की आतून बायको बघायला आली. तिलाही वाचून दाखवली. मित्रांच्या ग्रुपवर टाकण्याचा मोह मी आवरला, तेवढी एकच अक्कल मी त्या महिन्यात दाखवली. पुढची हजारो नावं मी वाचली नाहीत. चाळीस वाचली म्हणजे सगळी कळली, असा आमच्या धंद्यात एक समज असतो.

नोंद बरोबर बसली का ते तपासायला एक तपासनीस प्रोग्रॅम असतो. चुकलं की तांबडी रेघ, जमलं की हिरवी खूण. मी सिस्टरांच्या नोंदी त्यातून घातल्या, तर पडदा तांबडालाल. कारण नावाच्या खणात नुसतं नाव पाहिजे, कंसबिंस चालत नाहीत. मी एक ओळ लिहिली. कंस दिसला की कंसासकट आतलं सगळं पुसून टाक. एकच ओळ. लिहायला अर्धं मिनिट लागलं नसेल.

तरी अ‍ॅलर्जीचा खण तांबडाच. तो सगळ्यांचाच मोकळा होता आणि मोकळा चालत नाही. तिथे दोन उत्तरं ठेवता येत होती, 'माहीत नाही' किंवा 'नाही'. आधी मी 'माहीत नाही' ठेवून पाहिलं. पण हॉस्पिटलच्या प्रत्येक कागदावर 'माहीत नाही, माहीत नाही' छापलेलं बघायला कसंतरीच वाटलं. पेशंट काय म्हणेल? म्हणून मी सगळ्यांच्या खणात 'नाही' भरलं, आणि वर ते हिरवं केलं. ठळक.

तुम्ही डॉक्टर नसाल तरी यातला धोका तुम्हाला आता दिसला असेल. मला दिसला नाही. मी हिरव्या खुणांनी भरलेल्या पडद्याचा फोटो काढला.

सोमवारी ते मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ते खूश. सिस्टर मागे उभ्या राहून बघत होत्या. डॉक्टर गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "माझं लिहिलेलं कुठे गेलं?"

मी म्हटलं, "सिस्टर, नावात नाव असावं. तुमचे ते कंस काढलेत. कचरा होता."

"कचरा नाही हो तो. त्यात काही काही..."

मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. मी त्यांना मानक समजावून सांगितलं. कपाट सांगितलं, खण सांगितले, हे सगळ्या देशात कसं चालतं ते सांगितलं. चांगली वीस मिनिटं. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "तुम्ही शिकलेले. तुम्हाला कळत असेल." मग मी त्यांचीच सोय बघितली म्हणे. डॉक्टरांना सांगून त्यांना नोंदणीच्या टेबलावरून सोडवलं आणि वरच्या वॉर्डात पाठवलं. आता इथे अनुभवी माणसाची गरज नाही, असं मी डॉक्टरांना सांगितलं. हेच शब्द होते माझे. मला विसरता येत नाहीत.

का लिहीत होत्या त्या नावात, ते मला नंतर कळलं. जुन्या प्रोग्रॅममध्ये अ‍ॅलर्जीला जागा होती, पण ती चौथ्या पानावर. तिथपर्यंत कोणी जात नसे आणि ती कशावर छापूनही येत नसे. नाव मात्र सगळीकडे छापून येतं. केसपेपरवर, रक्ताच्या बाटलीवर, औषधाच्या चिठ्ठीवर, खाटेच्या पाटीवर. म्हणून जे कोणीही कधीही विसरता कामा नये, ते बाईंनी नावाला बांधून टाकलं होतं. एवढं साधं डोकं मला पुण्यात बारा वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.

मंगळवार उजाडला. ओपीडीत गर्दी. मोठे डॉक्टर चिपळूणला. खाली नवीन डॉक्टर स्नेहल, लातूरकडची मुलगी, येऊन दोनच आठवडे झालेले. हुशार, नियमाने चालणारी. मी टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसलो, आपलं बाळ पहिल्यांदा शाळेत जाताना आईबाप फाटकाशी थांबतात तसा.

सुरुवातीलाच विठाबाई घाणेकरांचा नंबर तीनदा पुकारला आणि पाळी निघून गेली. त्या समोरच्या बाकावर बसून भिंतीकडे बघत होत्या. दुसऱ्यांदा हाक कुठे मारायची, ते कंसात होतं. मग सड्यावरच्या तुकाराम पाडाव्यांना खालच्या वाडीतल्या तुकारामांच्या साखरेच्या गोळ्या मिळाल्या. ते स्वतःच परत आले आणि म्हणाले, "मना साखर नाय. साखर त्येला हाय, आनि त्यो तर आज मासळीला गेलाय." लोक हसले. मीही हसलो. सुरुवातीला असं थोडंफार होतंच, असं मी डॉक्टर स्नेहलना म्हणालो.

आणि साडेअकराच्या सुमाराला माझी बेबीआत्या आली.

आत्याबद्दल सांगायला हवं. वडिलांची धाकटी बहीण, रत्नागिरीजवळच्या काळबादेवीला दिलेली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. माझी आई आजारी असायची तेव्हा वयाच्या पाचव्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत मला तिनेच वाढवलं. मला पोहायला तिने शिकवलं, सायकल तिने शिकवली, पहिला मार तिचा आणि त्यानंतरचा पहिला लाडूही तिचाच. संध्याकाळी मी खेळायला समुद्राच्या पुळणीवर गेलो की ती अंगणाच्या दगडी गडग्यावर उभी राहून हाक मारायची. "नंद्याऽऽ!" ती हाक पार पाण्यापर्यंत यायची. वाडीतली दुसरी मुलंही घाबरून घरी जायची.

तर तिच्या तळहातात शिंगाळ्याचा काटा गेला होता. मासा साफ करताना. शिंगाळ्याचा काटा वाईटच, तीन दिवसांत हात भाकरीएवढा सुजला होता, पू धरला होता, अंगात ताप. आणि बाईंनी मला कळवलंसुद्धा नव्हतं. म्हणे, तुझा पहिला दिवस, कशाला त्रास. पण आली त्याच दिवशी, कारण भाच्याने केलेलं बघायचं होतं.

सगळ्या ओपीडीला तिने मी कोण ते सांगितलं. मला लाजल्यासारखं झालं, पण खरं सांगतो, बरंही वाटलं.

डॉक्टर स्नेहलनी हात पाहिला. इंजेक्शन सुरू करायला हवं, म्हणाल्या. आणि नियमाप्रमाणे विचारलं, "आजी, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी? आधी कधी काही त्रास झाला होता?"

आत्या तापात होती. तिने माझ्याकडे बोट केलं. "माजा भाचा हाय ना. त्यानच केलान हाय ह्यां सगळां. त्येला इचारा, त्येच्यात समदां हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं. शालिनी गणपत सुर्वे, म्हणजे कागदावरची बेबीआत्या. नाव कसं स्वच्छ. खाली हिरव्या ठळक अक्षरांत: अ‍ॅलर्जी, नाही.

"काही नाही," मी म्हटलं. पडदा वळवून दाखवलासुद्धा. "बघा."

आत्या कौतुकाने त्या पडद्याकडे बघत होती.

डॉक्टर स्नेहलची यात काही चूक नाही, हे मी जिथे जातो तिथे सांगतो. तिने एकदम पेनिसिलिन दिलं नाही. आधी चाचणीपुरता एक थेंब कातडीखाली टोचला, जसा टोचायचा असतो. तो थेंबच पुरला. आत्या मला विचारत होती की जेवलास का. वाक्य मध्येच थांबलं. तिने ओठांना हात लावला. मग ओठ सुजायला लागले, मग डोळ्यांखाली, मग सगळा चेहरा फुगत फुगत गेला, आणि घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

तो चेहरा मी आधी पाहिला होता.

आता हे सांगायला मला जड जातं. मी सात वर्षांचा असताना आत्याला ताप आला होता आणि आरोग्य केंद्रात इंजेक्शन दिल्यावर तिचा चेहरा असाच फुगला होता. तेव्हा ती थोडक्यात वाचली होती. मला काय कळतंय, मी टाळ्या वाजवून "आत्या भोपळा, आत्या भोपळा" म्हणून नाचलो होतो. हा किस्सा आमच्याकडे दर गणपतीत सांगितला जातो. तीसेक वर्षं सांगितला जातोय. इंजेक्शनच्या नावासकट. गेल्या गणपतीत तर मीच सांगितला, नकला करून, आणि सगळ्यांना हसवलं.

म्हणजे मला माहीत होतं हो. मला सातव्या वर्षापासून माहीत होतं. पडद्यावर 'नाही' दिसलं आणि मी 'नाही' म्हणालो. आणि ते 'नाही' तिथे लिहिलं होतं कोणी? मीच.

मी खुर्चीत बसूनच होतो. डॉक्टर स्नेहलनी अ‍ॅड्रेनालिन मागितलं, ट्रे उघडला. तेवढ्यात गडबड ऐकून जिन्यावरून सुमनसिस्टर आल्या. दारातून त्यांनी खाटेवरच्या माणसाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "अगो बाई, ह्या तर पेनिसिलिनवाल्या सुर्वेबाई." हजारो पेशंटांतून, फुगलेल्या चेहऱ्यानिशी, एका नजरेत. तोवर डॉक्टरांनी मांडीत सुई दिलीच होती. सिस्टरांनी पाय उंच केले, ऑक्सिजन लावला, दुसऱ्या हाताला सलाइन घातलं. मध्ये एकदा नाडी लागेना. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो आणि काटा कुठे आहे ते मला वाचता येत नव्हतं.

सिस्टर माझ्या अंगावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा."

घशात नळी घालावी लागली. तीन दिवस आत्या वर आयसीयूत होती. मी जिन्याच्या पायरीवर बसून होतो. मोठे डॉक्टर चिपळूणहून तसेच परत आले, माझ्या शेजारी पायरीवर जरा बसले आणि उठून वर गेले. बायको डबा घेऊन आली. तिने एवढंच विचारलं, "कंस म्हणजे तेच ना, तू मला वाचून दाखवत होतास ते?" मी मान हलवली. ती डबा ठेवून गेली.

आत्या वाचली. चौथ्या दिवशी नळी काढली. पण आवाज गेला तो पुरता आला नाही. आता बसक्या घशाने, कुजबुजल्यासारखं बोलते. डॉक्टर म्हणतात, थोडा सुधारेल. गडग्यावरून पाण्यापर्यंत पोचेल एवढा नाही सुधारायचा, हे त्यांनी सांगितलं नाही पण मला कळलं.

आणि शुद्धीवर आल्यावर तिने काय करावं? भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की चूक तिचीच. डॉक्टरीण विचारत होती, माझंच तापात लक्ष नव्हतं, मीच सांगितलं नाही. वाडीतल्यांना सांगितलं, माझ्या वडिलांना सांगितलं, मोठ्या डॉक्टरांनाही सांगितलं. त्या बसक्या आवाजात, एकेक शब्द ओढून. मी शेजारी उभा असायचो आणि ती माझ्याकडे बघायची नाही. खरं सांगू का, तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्या रात्री जेवलो असतो.

मी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. सुटसुटीत बंद केलं. कामही सोडतो म्हटलं. तर सुमनसिस्टरच म्हणाल्या, "सोडून कसं चालेल? पसारा तुम्ही केलाय, आवरायला कोण येणार?"

मग आम्ही दोघं बसलो. जुनी नोंद एकेक उघडायची, सिस्टर कंस मोठ्याने वाचणार, मी तो ज्या त्या खणात घालणार. सल्फा नको. फिट येते. एकच मूत्रपिंड. नवऱ्यासमोर विचारू नये. दर कंसाच्या मागे एक माणूस होतं आणि सिस्टरांना ते तोंडपाठ होतं. त्या हजारो नावांतल्या किती जणांना मी 'नाही' लिहिलं होतं, ते मोजायचं धाडस मी केलं नाही. जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं तिथे आता 'माहीत नाही' आहे, तांबड्या अक्षरांत. बघायला कसंतरीच वाटतं. वाटू दे.

शिवाय नावाच्या खाली मी एक नवी ओळ केली. सिस्टर जे सांगतील ते त्या ओळीत, आणि ती ओळ नावाबरोबर सगळीकडे छापायची. प्रत्येक कागदावर, प्रत्येक चिठ्ठीवर. कोणालाही ती पुसता येणार नाही, मलाही नाही. ती सोय मी मुद्दाम केली. माझ्या आयुष्यातलं तेवढंच एक काम मी मनापासून चोख केलंय.

शालिनी गणपत सुर्वेंची नोंद आली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "हे मी टाइप करते." मला चहा आणायला पाठवलं. मी आणला.

पुढच्या आठवड्यात आत्याला घरी सोडलं. तिला बाकावर बसवून मी हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीवर चिठ्ठी घेऊन उभा राहिलो. दुकानदार नवीन होता, मला ओळखत नव्हता. त्याने चिठ्ठी हातात घेतली आणि सवयीने मोठ्याने वाचली, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"शालिनी गणपत सुर्वे. पेनिसिलिन नको. भाच्याला विचारू नये."

मी मागे वळून पाहिलं. सिस्टर दारात उभ्या होत्या. मी विचारलं, "हे तुम्ही?"

"त्यांनीच सांगितलं लिहायला," सिस्टर म्हणाल्या. "मी फक्त टाइप केलं."

बाकावर आत्या छताच्या पंख्याकडे बघत बसली होती.

दुकानदाराने गोळ्या पिशवीत घातल्या, पिशवी पुढे केली आणि मग थांबला. चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही त्यांचे कोण?"

"रिक्षावाला," मी म्हटलं.